गाडी निजती कुठं?

अक्का गिऱ्हाइकाला बोलू द्यायच्या नाहीत. उदगीरला नांदेड रस्त्यावर त्यांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि ॲसिडनं ठिकठिकाणी भोकं पडलेल्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट. गाडी दुकानासमोर लागली की आपण तोंड उघडायच्या आत त्यांचा हात वर व्हायचा. "तू गप. गाडीला बोलू दे." मिशीला पीळ देणारे ट्रकवालेही मुकाट बाकावर जाऊन बसायचे. मग मी साधा पिकअपवाला, माझी काय टाप!

दुकान मूळचं त्यांच्या मालकांचं. ते गेले तेव्हा भाऊबंदांनी सल्ला दिला होता, की हे बाईमाणसाचं काम नव्हे, दुकान विकून मोकळ्या व्हा. अक्कांनी चहा पाजून सगळ्यांना वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शटर वर केलं. "शटर कुणी उघडलं ते बॅटरीला दिसत न्हाई," असं त्या सांगायच्या. लोक आधी गंमत बघायला आले, मग सवयीनं येत राहिले.

त्या वर्षी दुष्काळ असा होता की माणसं पाण्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. बोललीच तर नव्या जिल्ह्याचं. उदगीर जिल्हा होणार, कलेक्टर इथं बसणार, म्हणून अक्कांच्या बाकावर रोज वाद झडायचा. अक्का टर्मिनलवर गरम पाणी ओतत ऐकायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "बसू दे की कलेक्टर. त्याची बी बॅटरी कवातरी उतरंलच."

माझ्या पिकअपवर तेव्हा प्लॅस्टिकची टाकी बांधलेली होती. आमची वाडी देवणीकडच्या डोंगरउतारावर, मोठा टँकर काही तिथं चढत नसे. म्हणून एक दिवसाआड मीच पाणी न्यायचो. संध्याकाळी पोचायचं, टाकी हौदात सोडायची, घरी भाकरी खाऊन झोपायचं आणि पहाटे निघून भरायच्या बोअरवर नंबर लावायचा. हौद उताराला, गोठ्याला लागून. त्यामुळे गाडीचं तोंड वर आणि पाठ गोठ्याकडे करूनच लावावी लागायची. गोठ्यात आबांची रतनी. अस्सल देवणी गाय, काळ्याबांड्या अंगाची, पहिल्यांदाच गाभण. माझ्या लग्नातसुद्धा आबा इतके खुशीत नव्हते, हे मी नव्हे, माझी बायको सांगते.

आणि नेमकी त्याच दिवसांत गाडीनं खोड काढली. पहाटे चावी फिरवावी तर नुसतं टिक. दिवे मंद, हॉर्न घोगरा. ढकलावी म्हटलं तर मागे गोठा, पुढे चढ. कुणाचातरी ट्रॅक्टर आणून ओढेपर्यंत ऊन वर यायचं, बोअरवरचा नंबर जायचा आणि पुढच्या खेपेला वाडी कोरडी राहायची. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, मग सारखंच व्हायला लागलं. शेवटी आबा चुलीपाशी बसून म्हणाले, "तुझ्या गाडीचा भरवसा न्हाई. गाभण जनावर तहानलेलं बघवत न्हाई मला. आणखी एकदा बंद पडली की रतनीला बाजार दाखवतो." आबा एकदा बोलले की बोलले. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मी अक्कांकडे गेलो. "अक्का, ही ना फक्त वाडीलाच..." एवढंच बोललो तर हात वर. त्यांनी बॅटरीची एक वायर सोडली, मध्ये छोटा बल्ब जोडला. गाडी बंद असताना कुठंतरी करंट चोरीला जात असेल तर तो पेटतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. बल्ब पेटला नाही. अक्कांनी निकाल दिला, "गाडी साव हाय. बॅटरी म्हातारी झालीय." दुसरी बॅटरी बसवली. वाडीला गेलो, पहाटे टिक. नशीब, मी उठायच्या आधीच आबा लग्नाला परगावी निघून गेले होते.

पुन्हा अक्कांकडे. या वेळी म्हणाल्या, चार्जिंग कमी होतंय, आणि डायनामो उघडून त्याचे कार्बन बदलले. मी पुन्हा सांगायला लागलो, पुन्हा हात वर. आता मात्र माझं डोकं सणकलं. भर दुकानात, बाकावरच्या सगळ्या जिल्हावाल्यांसमोर मी ओरडलो, "अहो, बोलू तरी द्या! उदगीरला रातभर उभी ऱ्हाती, काही होत न्हाई. वाडीत एक रात काढली की मरती. उद्या बंद पडली की आबा गाय इकत्यात!"

अक्कांना असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता स्पॅनर येतो अंगावर. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि विचारलं, "गाडी निजती कुठं?"

मी सगळं सांगितलं. उतार, हौद, गोठा, रतनी. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग शटर ओढलं, बल्ब आणि वायर पिशवीत टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. भरलेली टाकी घेऊन आम्ही वाडीला निघालो. वाटेत एवढंच म्हणाल्या, "आमचे मालक लई ऐकायचे गिऱ्हाइकाचं. मला वाटायचं खामखा टाइम घालवत्यात."

वाडीत टाकी सोडली. अक्कांनी गाडीभोवती फेरी मारली, मग ड्रायव्हरच्या बाजूनं वाकून पायातल्या मॅटवरून हात फिरवला आणि मुठीत काहीतरी उचलून माझ्यासमोर धरलं. बाभळीच्या सालीचे तुकडे. ब्रेकच्या पेडलवरचं रबरही एका जागी दबून गेलं होतं. माझ्या डोक्यात उजेड पडेना. अक्का सरळ ओसरीवर आबांपुढे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, दांडकं कुठं ठेवता?"

आबांनी लपवायचं कारणच नव्हतं. माळवदाच्या कडेला खोचलेलं बाभळीचं दांडकं त्यांनी काढून दाखवलं. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. उतारावर गाडी सोडली की तिला अटकाव लावल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. माझ्या हँडब्रेकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि खाली गोठ्यात रतनी. म्हणून मी झोपलो की आबा गुपचूप दार उघडून ते दांडकं सीट आणि ब्रेकच्या मध्ये ठासून बसवायचे आणि मी उठायच्या आत काढून घ्यायचे. ब्रेक दाबलेला, म्हणजे मागचे लाल दिवे रातभर चालू. आबांना ते दिवे दिसत होते. "लाल उजेड पडतो गोठ्यावर," ते समाधानानं म्हणाले, "रानडुकरं फिरकत न्हाईत."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे ज्या गाईसाठी आबा रातभर गाडी धरून ठेवत होते, त्याच गाईला त्यापायी बाजार दाखवणार होते! माझ्या तोंडावर चार शब्द आले होते. पण अक्कांचा हात वर झाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्या हाताचा राग आला नाही.

त्यांनी बल्ब जोडला, आबांना दांडकं लावायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला. काढायला सांगितलं, विझला. पुन्हा लावून घेतलं, पुन्हा काढून घेतलं. आबांनी दांडकं खाली टेकवलं. मग गोठ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मीच पेत होतो व्हय गं तुझं पाणी?"

"तुम्ही तिला राखतच होता, आबा," अक्का म्हणाल्या. "आता दांडक्याऐवजी धोंडा लावा. चाकामागं. आणि एकदा मागं जाऊन बघा, लाल दिसतंय का." आबांनी स्वतः दोन मोठे धोंडे आणून चाकांना लावले आणि ओणवून दोनदा ढकलून बघितले. पहाटे चावी फिरवली आणि गाडीनं पहिल्या झटक्याला आवाज दिला. हायसं वाटलं म्हणजे काय, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आईनं तिथंच चाकावरून भाकरतुकडा ओवाळला. रतनीचा बाजार टळला.

पुढे रतनी व्याली, कालवड झाली. खरवस घेऊन मी अक्कांकडे गेलो तेव्हा कुणी ट्रॅक्टरवाला आपली कहाणी सांगत होता आणि अक्का गालाला हात लावून ऐकत होत्या. त्यानंतर दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिला सवाल तोच असायचा, गाडी निजती कुठं? बाकावरची मंडळी हसायची. अक्का खरवस खात म्हणाल्या, "हसू दे. माझ्या बी कानाला मीच दांडकं लावून ठेवलं होतं, ते तू काढलंस."

मागल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. लेकीकडे नांदेडला होत्या, झोपेतच गेल्या म्हणे. मी माती देऊन तसाच वाडीला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. गाडी लावून उतरलो तोवर आबा काठी टेकत आलेच. आता त्यांना नीट दिसतही नाही. तरी त्यांनी पायानं चाचपून धोंडे बघितले, मग सवयीप्रमाणं गाडीच्या मागं गेले आणि वाकून दिव्याशी डोळे नेले.

"लाल न्हाई," तिकडूनच म्हणाले. "नीज आता."