बाई माझ्याबरोबर धावल्या
औषधाच्या दुकानात वजनकाटा दिसला, की कोकणातल्या लोटे गावच्या शाळेतली ती सकाळ आठवते. मुलांमधला लठ्ठपणा वाढू नये म्हणून शाळेत सगळ्यांची वजनं घेत होते. माझी पाळी येताच मुलं खिदळायला लागली आणि मी रडकुंडीला आले. खेळाच्या बाईंनी आकड्यांवर आपली ओढणी आडवी धरली, वाकून वजन वाचलं आणि हळूच म्हणाल्या, “हे तुझ्यामाझ्यातच हां. माझंपण वाढलंय गो. उद्यापासून सकाळी माझ्यासोबत धावशील? एकटीला लाज वाटते.” दुसऱ्या दिवशी जांभ्याच्या तांबड्या पटांगणावर आम्ही दोघी धापा टाकत धावलो. हळूहळू हसणारी मुलंही आमच्यामागून धावू लागली. माझं वजन किती उतरलं, ते आज आठवत नाही. शाळेत जायची भीती मात्र कायमची गेली.