कोंडवाड्यासाठी म्हैस

ज्या गावात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही त्या गावाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहायचं काम निघालं की ते माझ्याकडे येतं. लग्नपत्रिकांवरचे पत्ते, पंचायतीला अर्ज, कुणाच्या बारशाचा फलक. इतिहास मात्र कुणी कधी मागितला नव्हता. तो मागितला नेदरलँड्समधल्या माझ्या घरमालकीणबाईंनी.

मी आर्नहेमला शिकतो आणि नदीपलीकडच्या एका खेड्यात बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहतो. बाई शाळेत सुतारकाम शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. मला त्या ‘योंगन’ म्हणतात, म्हणजे पोरा. या खेड्याची इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाशी जुनी सोयरीक आहे. दर काही वर्षांनी एका गावाचे लोक बस करून दुसऱ्या गावाला जातात, जेवतात, एकमेकांना काहीतरी भेट देतात आणि परत येतात. यंदा जायची पाळी आमची होती. निघण्याआधी लोकांना त्या गावाची माहिती मिळावी म्हणून एक भाषण ठरलं, आणि ते मी करावं असं बाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं.

“पण मी इंग्लंड पाहिलेलंच नाही,” मी म्हणालो.

“तुम्हा लोकांची इंग्रजांशी ओळख जुनी आहे ना, योंगन?”

मी हो म्हणून टाकलं.

त्या गावानं पाठवलेलं एक माहितीपत्रक मला मिळालं. गाव म्हणजे एक चर्च आणि त्याच्या हद्दीतली घरं. तिथली पंचायतही चर्चच्या हद्दीवरून ओळखली जाते. बघण्यासारखं फार नव्हतं, आणि माहितीपत्रकानं ते मोकळेपणानं मान्य केलं होतं. चर्चच्या घड्याळाला एकच काटा होता, तासाचा. मिनिटांची त्या गावाला कधी गरज पडली नसावी. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता, पण त्यावरचा आकडा झिजून गेल्यामुळे कुठलं शहर किती लांब आहे हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि चौथ्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘द पाउंड’.

भेटीची तयारी करणाऱ्या कमिटीच्या बैठकीत यावर बराच खल झाला. डच भाषेत पाउंडला ‘पोंड’ म्हणतात, म्हणजे अर्धा किलो. बाजारात चीज त्याच मापानं मागतात. त्यामुळे कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, ही जुनी वजन करायची जागा असणार, आपल्याकडे शहरात चीज तोलायला असते तशी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमन, गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांच्या बायकोला इंग्रजी चांगलं येत होतं. ‘पॉण्ड’ म्हणजे तळं, हे त्यांना ठाऊक होतं. छापताना एक अक्षर जास्त पडलं असेल, तेव्हा सगळ्यांनी पोहायचे कपडे घ्यावेत, असं त्या म्हणाल्या.

मी फोटो पाहत होतो. दगडाच्या चार भिंती, एक लाकडी फाटक, आत गवत. वर छप्पर नाही.

“माफ करा,” मी म्हणालो, “मला वाटतं हा कोंडवाडा आहे.”

मराठी शब्द तोंडातून निघून गेल्यावर समजावून सांगणं भागच होतं. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली मोकाट गुरं पंचायत पकडते आणि इथं कोंडते. मालकानं यायचं, आपलं जनावर ओळखायचं, दंड भरायचा आणि घेऊन जायचं.

“म्हणजे गाईंचा तुरुंग,” अध्यक्ष म्हणाले. “आणि तुला हे कसं माहीत?”

तेव्हा मला सांगावं लागलं की आमची म्हैस तिथं नेहमीची होती. आमच्या गावच्या कोंडवाड्यात लिंबाची सावली होती आणि पाण्याची टाकी होती. म्हैस इतकी सोकावली की पुढं पुढं तिला पकडायलाही कुणी जायचं नाही, ती आपणहून फाटकाशी जाऊन उभी राहायची. आई सोडवायला गेली की ही आईकडे पाठ फिरवायची. शिपाई म्हणायचा, मावशी, हिचं रेशनकार्ड इकडंच काढा.

कमिटी हसली, पण बाई हसल्या नाहीत. त्या फोटोकडे बघत होत्या.

“यांचा कोंडवाडा रिकामा आहे,” त्या म्हणाल्या. “मी एक म्हैस करते.”

माझं भाषण झालं, लोकांनी शांतपणे ऐकलं, आणि नंतरचा सगळा हिवाळा बाई मागच्या शेडमध्ये होत्या. त्यांनी म्हैस कधी पाहिली नव्हती. गोठ्याच्या जुन्या दारांच्या फळ्या कापून त्यांनी अंग केलं. शिंगांवर मात्र गाडी अडली. सरळ केली तर बकरी दिसायची, वाकडी केली तर मेंढा. शेवटी एके दिवशी त्यांनी भिंतीवर टांगलेली नवऱ्याची सायकल उतरवली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या सायकलला त्यांनी कुणाला हातही लावू दिला नव्हता. तिचं मागं वळलेलं हँडल त्यांनी काढलं आणि म्हशीच्या डोक्यावर बसवलं. शिंगं हुबेहूब झाली. घंटी त्यांनी तशीच ठेवली.

मी आईला व्हिडिओ कॉलवर म्हैस दाखवली.

“कास कुठंय तिची?” आईनं विचारलं.

“आई, लाकडाची आहे ती.”

“मग रेडा म्हण की. त्या बाईला सांग, नीट बघून करावं माणसानं.”

आई काय म्हणते, असं बाईंनी विचारलं. मी चाचरत सांगितलं. बाई तडक घरात गेल्या आणि चार लाकडी गुंड्या घेऊन आल्या. कपाटाच्या होत्या. आईनं त्या बघितल्या आणि म्हणाली, आता दूध देईल.

मला जाता आलं नाही. माझं ओळखपत्र इथलं, इंग्लंडला वेगळा व्हिसा लागतो, आणि त्याच आठवड्यात माझी फेरपरीक्षा होती. म्हैस बसच्या मागच्या सीटवर आडवी बांधून गेली. बाई परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. गावाला म्हैस आवडली होती, मुलांनी घंटी वाजवून वाजवून कान किटवले होते. पण कोंडवाडा जुनी वास्तू, तिथं काही ठेवायचं तर पंचायतीचा ठराव लागतो. एका सभासदाला तिथं बाक हवं होतं. दुसऱ्यानं जुना नियम काढला. कोंडवाड्यात फक्त हद्दीत मोकाट सापडलेलं जनावर ठेवता येतं, भेट आलेलं नाही. ठराव होईपर्यंत म्हैस चर्चमध्ये, छत्र्यांच्या स्टँडशेजारी उभी.

“बाक ठेवतील,” बाई म्हणाल्या. “बाकावर निदान बसता तरी येतं.”

मग वाट पाहणं सुरू झालं. अध्यक्ष सायकलवरून जाताना थांबून सांगायचे, म्हैस परत आणू, बंधाऱ्यावर उभी करू, लोक फोटो काढतील. बाई म्हणायच्या, एकदा सासरी पाठवलेली परत आणायची नाही. हे त्या डचमध्ये म्हणाल्या आणि मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं, म्हणून पुन्हा विचारलं. त्या तेच म्हणाल्या होत्या. मी वर खोलीत अभ्यास करायचो आणि ती म्हशीची गोष्ट आपण कशाला सांगितली, असं मला रोज वाटायचं. शेडच्या भिंतीला टेकून हँडल नसलेली सायकल उभी होती. ती बघवत नव्हती.

गेल्या आठवड्यात बाई फोन हातात धरून आमचा तो शिडीसारखा जिना चढून वर आल्या. एरवी त्या खालूनच हाक मारतात.

“योंगन, हे इंग्रजी मला कळतंय, पण पटत नाहीये. तू वाच.”

इंग्लंडच्या पंचायतीचा निरोप होता. मी मोठ्यानं वाचला. ठराव मताला टाकला तेव्हा बरोबरी झाली होती. त्याच संध्याकाळी, निरोपात म्हटलं होतं, एक लाकडी म्हैस गावच्या मैदानात मोकाट उभी आढळली. ती चर्चमधून तिथं कशी आली हे कुणीच पाहिलेलं नाही. नियमाप्रमाणे तिला ताबडतोब कोंडवाड्यात घालण्यात आलं आहे. मालकिणीनं स्वतः येऊन ओळख पटवून दंड भरल्याखेरीज तिला सोडता येणार नाही. मालकिणीनं घाई करू नये, असंही खाली लिहिलं होतं.