अमेरिकेचा दुसरा खंड

माझ्या फडताळात अमेरिकन समाजाच्या इतिहासाची अकरा पुस्तकं आहेत, सगळी मराठीत. सातवी शिकलेल्या बाईकडे एवढी! येणाऱ्याला मी ती चहाआधी दाखवते. नातवंडं हसतात, हसू देत.

पहिलं पुस्तक मुरबाडच्या वाचनालयातून आणलं तेव्हा मी वैशाखऱ्याजवळच्या आमच्या वाडीत नवी सून होते. दोन खंडांचं होतं. दुसरा खंड कुणीतरी नेलेला, म्हणून पहिलाच आणला. त्यात एकेक कुटुंब रानात जातं, झाडं तोडतं, घर बांधतं, कुणापुढे हात पसरत नाही. वाचून मी अशी फुगले, की उंबऱ्यात मावेना.

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीने होते. आज सगळ्याजणी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. शेजारच्या काकी बोलवायला आल्या, तर मी बाणेदारपणे म्हटलं, "आमी आमचं करू. अमेरिकेत असंच करतात."

काकी पुढच्या दाराला गेल्या. चार दिवस मी आणि सासूबाई दोघीच चिखलात. चौथ्या दिवशी माझी कंबर सरळ होईना, निम्मं शेत तसंच, आणि रोपं जून व्हायला लागलेली. आणखी आठवडा गेला असता तर वर्षाचं भात गेलं असतं.

"बोलाव की तुझ्या अमेरिकेतल्या बायका," सासूबाई म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी मीठ-मिरची आणायला मुरबाडला गेले, तर दुसरा खंड परत आलेला. येताना एसटीतच उघडला. त्यात तीच माणसं! कुणाचं कोठार उभारायचं असलं की सारा गाव जमतो, एका दिवसात छप्पर चढवतो. शहाणीने अर्धंच वाचून तोंड उघडलं होतं.

तशीच काकींच्या दारात गेले. "काकी, चुकलं माझं."

"तुजं का त्या पुस्तकाचं?"

"माझंच. हे बघा, इथं लिहिलंय."

"मला काय बघायला सांगते? वाच."

वाचलं. काकींनी एकच विचारलं, "जेवण कोण घालतं गो?"

"ज्याचं कोठार, तो."

"मग माणसं बरी हायेत. दोन दिस माज्या शेतात ये, मग येतो आमी."

दोन दिवस त्यांच्या शेतात गेले. तिसऱ्या दिवशी चौदाजणी माझ्या शेतात उतरल्या आणि रोपं वेळेत लागली. दुपारी बांधावर भाकरी खाताना त्यांनी माझ्याकडून पुढचं प्रकरण वाचून घेतलं.

पुढल्या वर्षी पाळ्या ठरताना काकींनीच सांगितलं, "हिने दुपारी वाचायचं. तो हिचा अर्धा दिस धरा."

सासूबाई पलीकडच्या शेतापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमची सून बसून नाय खात, वाचून खाते!"