कमलमावशीचा प्रश्न

महिन्यापूर्वी शेजारच्यांच्या फोनवर कमलमावशीच्या मुलीचा निरोप आला, "आई गेली." वय झालं होतं, झोपेतच गेली. बदलापूरहून उल्हासनगरला पोचेपर्यंत माझ्या मनात एकच घोळत होतं... आता विचारणार कोण?

मावशी उल्हासनगरच्या कॅम्प एक वस्तीतली आमची शेजारीण. एका सिंधी बाईंचा पापडाचा धंदा होता, सगळे त्यांना दादी म्हणत. त्यांच्याकडचं पीठ मावशी घरोघर वाटायची आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड गोळा करायची. जिभेला हाड नव्हतं. माझा पहिला पापड बघून म्हणाली, "हा पापड की श्रीलंकेचा नकाशा?"

ऐंशी सालच्या सुमारास आमच्या चाळीतल्या एका सुनेनं जीव दिला. ती गप्प असते हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण विचारलं कुणीच नाही. विचारलं तर नसतं ते मनात भरेल, अशी आमची समजूत. मावशीला ते फार लागलं. तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना वस्तीतल्या बुद्धविहारात बोलावलं. बाईंनी सांगितलं, सरळ विचारल्यानं तो विचार येत नाही, उलट माणूस मोकळं होतं. उपदेश करू नका, ऐका, एकटं सोडू नका, आमच्याकडे घेऊन या. मग माईकवरून विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? सगळ्या जणी चटईकडे बघत बसल्या. घरी येताना मावशी म्हणाली, "माईकवर कोण बोलणार? दुखणं काय लग्नातला उखाणा आहे?"

तेव्हापासून ज्या घरचे पापड दोन दिवस आले नाहीत, तिथं ती पोळपाट-लाटणं घेऊन जाऊन बसायची. दादींनी अंबरनाथला शिवमंदिराकडे पीठ वाटणाऱ्या बाईलाही हेच शिकवलं. डॉक्टरबाई अशा बायकांसाठी गुरुवारची दुपार राखून ठेवायच्या.

माझा दुसऱ्यांदा गर्भ पडला, तेव्हा माझंही पीठ तसंच पडून राहिलं. मावशी आली. दोन पापड लाटले, आणि खाली बघतच म्हणाली, "शोभा, मरावंसं वाटतं का गं?"

मी हो म्हटलं.

तिनं लाटणं ठेवलं, माझा हात धरला. "बरं झालं बोललीस. आज मी इथंच हाय. उद्या दोघी बाईंकडे जाऊ." दादींना निरोप गेला, तर स्वतःच कोकी, म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड पोळी, घेऊन आल्या. "पापड छोड़ो, पहले बच्ची को देखो." बरं व्हायला बरेच महिने लागले. पण झाले.

पुढे बदलापूरला आले. कुणी खचलेलं दिसलं की मी मावशीकडे पाठवायची. स्वतः विचारायचं धाडस कधी झालं नाही. मावशी गेल्यावर, कार्याच्या दिवशी तिच्या मुलीनं ते पोळपाट-लाटणं माझ्या पिशवीत घातलं. "आईनं सांगून ठेवलं होतं, हे शोभाला," म्हणाली. मला रडू आवरेना.

वरच्या मजल्यावरची सुषमा पंधरा दिवस दाराबाहेर दिसली नव्हती. परवा पोळपाट घेऊन गेले. पहिला पापड वेडावाकडाच झाला. खाली बघत मावशीच्याच शब्दांत विचारलं. ती म्हणाली, "काकी, तुम्हाला कसं कळलं?"

मी लाटणं बाजूला ठेवलं.