भैरूचा कान

प्रेमलताबाई हळबे भित्र्या आहेत हे कलकत्त्यातल्या डमडमच्या त्या गल्लीत कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. नवरा, गुरुदत्तराव, विमानतळावर हवामानखात्यात, म्हणजे घर विमानांच्या पोटाखाली. आणि विमान डोक्यावरून गेलं की बाई दाराची चौकट धरत. पालीला भीत, तारवाल्याला भीत. बोट कापलं तर रक्ताकडे न बघताच चिंधी गुंडाळत. त्यात सत्तर साल उजाडलं आणि भिण्यासाठी कल्पनाशक्तीची गरजच उरली नाही. भिंतींवर रातोरात नक्षलवाद्यांच्या घोषणा उमटत, कोपऱ्यावर बॉम्ब फुटत आणि दिवेलागणीला सगळी दारं आतून बंद होत.

भीती वाटत नसे ती फक्त परसातल्या शेळ्यांमध्ये. धाकट्या मुलीला गाईचं दूध पचेना, म्हणून पंजाबातून बदलून आलेल्या शेजाऱ्याकडून एक बीटल जातीची शेळी घेतली, एवढंच निमित्त. मग बाईंना वेडच लागलं. कुठली पाट, म्हणजे तरणी शेळी, ठेवायची, तिला कुठला बोकड दाखवायचा, कुणाची आई किती दुधाची होती, हे सगळं त्या सोयरीक जुळवावी तशा पारखून बघत. त्यातून भैरू जन्मला. काळाभोर बोकड, बाकदार नाक, हनुवटीखाली लोंबणारे कान आणि अंगावर औषधालाही पांढरा केस नाही.

उन्हाळ्यात शेळीपालक संघाचे तपासनीस आले. त्यांनी भैरूचे कान मापले, शिंगं चाचपली. "पुरता वयात आला की थंडीत नोंद करू," ते म्हणाले. "मग याच्या लेकीही याच्या नावावर नोंदता येतील. आणि पैदास करणाऱ्याच्या जागी तुमचं नाव."

प्रेमलताबाईंचं नाव तोवर लग्नपत्रिकेशिवाय कुठे छापलं गेलं नव्हतं. त्या हरखल्या आणि हरखलेलं माणूस करतं तेच त्यांनी केलं, गल्लीभर सांगत सुटल्या. काळा कुळकुळीत आहे, एक खोट काढून दाखवा म्हणाल्या. कालीच्या शहरात असं बोलू नये, एवढी अक्कल त्यांना कुणी दिली नव्हती.

दिवाळीचं भाजणीचं पीठ दळून आलं आणि गल्लीतली पोरं दारात उभी राहिली. सोबत पुरोहित. दरवर्षी ती कालीपूजेची वर्गणी मागत. यंदा पुढचा दाढीवाला म्हणाला, "मासीमा, चंदा रहने दीजिए. पाठा दीजिए, माँ के लिए." पाठा म्हणजे बोकड, आणि माँसाठी म्हणजे बळी, हे बाईंना कळत होतं. त्याचा सदरा कमरेशी फुगलेला होता. बाईंनी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

पुरोहिताने थेट तपासनिसासारखेच भैरूचे कान, शिंगं, खूर पाहिले. समाधानाने मान हलवली. "कहीं कटा-फटा नहीं. खोट हो तो माँ नहीं लेती."

"पूजा के दिन सुबह आएँगे," दाढीवाला म्हणाला.

गुरुदत्तराव घरी आले तेव्हा बाई पाटावर बसून होत्या. "देऊन टाक, प्रेमा," ते हलकेच म्हणाले. "आपल्याला इथे राहायचंय. देवसुद्धा दुबळ्यालाच धरतो."

"कुठेतरी पाठवू या ना त्याला."

"स्टेशनपर्यंत हीच पोरं उभी आहेत. कुठून नेणार?"

गल्लीत चपला वाजल्या की बाई दाराची कडी चाचपून येत, आणि पुरोहिताचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कान कापला तर जीव वाचेल. पण आखूड कानाच्या बोकडाची नोंद संघ करत नाही, हेही त्यांना पक्कं माहीत होतं.

पूजेच्या आदल्या दुपारी त्या नवऱ्याचा वस्तरा घेऊन गोठ्यात गेल्या. दुधीची सालं असतील म्हणून भैरूने तोंड त्यांच्या ओंजळीत खुपसलं. त्यांनी कान धरला आणि कापला. तो माणसासारखा ओरडला. हळद दाबायची तर रक्ताकडे बघावंच लागलं, आणि त्यांनी बघितलं.

सकाळी पुरोहिताने कान उचलला आणि सोडून दिला. "ये नहीं चलेगा."

"किसने काटा?" दाढीवाल्याने विचारलं.

कुंपणाच्या तारेत कान फाटला, ही थाप त्यांनी घोकून ठेवली होती. ऐन वेळी ती ओठांवर आलीच नाही. "मैंने," त्या म्हणाल्या. त्यांनी गोठ्याची चौकट धरून ठेवली होती.

दाढीवाला बाजूला थुंकला आणि पोरांना म्हणाला, "दूसरा देखो."

पुढे कुणीही आलं नाही, पण दारावर थाप पडली की बाईंचा जीव अर्धा होई. थंडीत तपासनीस आले, त्यांनी कान पाहिला, हळहळले आणि चहा पिऊन गेले.

भैरू पुष्कळ जगला. गुरुदत्तरावांच्या हातून खाई, मुलीला पाठीवर रेलू देई. बाई गोठ्यात शिरल्या की मात्र मागे सरत सरत भिंतीला टेके आणि मान पोटाशी घेई. "जनावर आहे, विसरेल," गुरुदत्तराव म्हणत. भ्यालेला जीव विसरत नाही, हे त्या घरात बाईंइतकं कुणाला माहीत होतं? त्या पाला ठेवत, लांब जात आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहत. मग तो खाई.