गुंजडोहकर

पूर्णा जंक्शनवर गाडी दोन तास उशिरा आली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्या वर्षीची गोष्ट. गुंजडोहला ओढ्यापलीकडची आमची वस्ती जळून चार दिवस झाले होते. वडिलांकडे एक ट्रंक होती, आईकडे पाण्याची कळशी. मी सातवीत होते. निरोप द्यायला फक्त चुलते आले. ते गावातच राहणार होते.

पुण्यात वडिलांनी प्रतिज्ञापत्र करून आडनाव बदललं. जुन्यावरून जात लगेच कळायची. नवं गावावरून घेतलं, गुंजडोहकर.

आई म्हणाली, "ज्यांनी घर जाळलं, त्यांच्या गावाचं नाव मिरवायचं व्हय?"

"गाव त्यांच्या एकट्याचं न्हाई. आपलं बी हाय."

हा दावा वडिलांनी सोळा वर्षं सोडला नाही.

वर्तमानपत्रात नोकरी लागल्यावर मी या आडनावाचा शोध घेतला. गुंजडोहच्या मतदार यादीत एकही गुंजडोहकर नाही. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही, सोडून गेलेल्याला लागतं. पुण्याच्या टेलिफोन डिरेक्टरीत दोन होते. त्यातले एक आम्ही.

विद्यापीठाचं नाव अखेर बदललं, त्याच महिन्यात त्या दुसऱ्या गुंजडोहकरांचा फोन आला. मुलीच्या लग्नाची यादी करताना त्यांना आमचा नंबर दिसला होता. मलाही ऐकू यावं म्हणून वडिलांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

"म्हणलं, आपलंच कुणीतरी दिसायलंय."

"लय बरं केलं. शाळेतले ते मारके मास्तर हायेत का अजून?"

"हायेत की. आता नातवाला मारायलेत."

दोघं हसले. वडील इतकं हसलेले मी पुण्यात पाहिले नव्हते.

"येत्या वीस तारखेला लग्न हाय. पत्रिका घेऊन मी सोता येतो, काका. सगळ्यांनी यायचं. गावात घर कुठं तुमचं?"

"ओढ्याच्या पल्याड."

"बरं," ते म्हणाले. मग पुन्हा, "बरं. ठेवतो."

वडिलांनी इस्त्रीचा सदरा खुंटीला लावून ठेवला होता. वीस तारीख उलटेपर्यंत तो तिथंच होता. मग त्यांनीच घडी घालून तो ट्रंकेत टाकला.

पुढच्या डिरेक्टरीत गुंजडोहकर एकच होता. दुसरं घर त्याच पत्त्यावर, त्याच नंबरावर, आपल्या गावाकडच्या जुन्या आडनावानं छापलेलं होतं. वडिलांनी ती दोन्ही पानं पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. त्याच वर्षी ते गेले.

मागं राहिलेल्या चुलत्यांना आणि आमच्यासारख्या निघून आलेल्यांना हे माहीत असावं, म्हणून लिहिते. मी आडनाव बदललेलं नाही, लग्नानंतरही नाही. गावात आमची जागा कुठं होती, ते आता चुलत्यांनाही नेमकं दाखवता येत नाही. कुणी नाव विचारलं की मी पूर्ण सांगते. पुढचा प्रश्न येईपर्यंत गुंजडोह माझं असतं.