रजेच्या अर्जातलं कारण

आटपाडीकडच्या कोरड्या माळावर आमचं घर, पण दिवाळी झाली की आई-आबा मेंढरं घेऊन कराडकडच्या मळ्यांत जायचे. संसार घोड्यावर. शाळेसाठी मी मावशीकडे. सुट्टीत तळावर गेले की कितीदा नुसत्या ताकावर झोपलोय आम्ही. तरी एखादी मेंढी गाभडली, दिवस भरायच्या आधीच तिचं पिल्लू गेलं, की आबा तिला कळपाबरोबर हाकत नसत. तळावरच ठेवायचे, पाला पुढ्यात टाकायचे, दाटलेला पान्हा हातानं मोकळा करायचे. म्हणायचे, "तिला ठावं हाय, काय गेलंय ते."

त्या मेंढरांच्या जिवावर मी बी.कॉम. झाले. आमच्यात कॉलेज बघणारी पहिली मीच. पलूसला नोकरी, सासरही तिथंच.

पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं. दवाखान्यातून परतताना रिक्षातच सासूबाईंनी ठरवून टाकलं, "टायफॉइड झालता म्हणायचं. लोकास्नी कायबी सांगत बसायचं न्हाई." मालक फौजेत. फोनवर म्हणाले, "आई म्हणते तसं कर, आत्ता वाद नको." वाद! मी अजून रडलेसुद्धा नव्हते.

नवव्या दिवशी ऑफिसला गेले. दुपारी पान्हा फुटला. ब्लाऊज भिजला. पदर घट्ट लपेटून फायली लावत बसले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "टायफॉइडनं लय बारीक झालीस गं! आमाला बी यायला पायजे." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा राग अजून जात नाही.

रविवारी आबा आले. त्यांनाही तापच सांगितला होता. पण त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि ओळखलं.

"आवं विहीणबाई, गाभडल्याली मेंढी आमी हाकत न्हाई. ही तर माझी लेक हाय."

"मेंढराची रीत आमच्यात नको," सासूबाई फटकन बोलल्या.

का नको? उघड्या माळावर मेंढीला जे मिळत होतं, ते मला स्लॅबच्या घरात मिळालं नव्हतं. आणि मी, शिकलेली, ताप ताप म्हणत फिरत होते.

सोमवारी असं बाळ गेल्यावर मिळणाऱ्या रजेचा नियम शोधून काढला, दवाखान्याचा कागद जोडला आणि अर्ज लिहिला. हेडक्लार्कनी तो वाचून हळूच परत सरकवला.

"मॅडम, ताप लिहा की. आजारपणाच्या रजेत बसवतो. असलं काही कायमचं फायलीत राहतं."

"राहू दे," मी म्हणाले. आवाज चढला होता, सगळं ऑफिस बघत होतं. "तिथं तरी राहू दे."

बाळ गेलं त्या दिवसापासून सहा आठवड्यांची भरपगारी रजा मला मंजूर झाली. अर्जात कारण माझ्या हातानं लिहिलेलं आहे : पाचव्या महिन्यात बाळ गेलं.